पिट्सबर्गच्या शाळेत नाव घालताना

पिट्सबर्गमध्ये मुलीचं नाव शाळेत घालायचं तर आधी घर ठरवावं लागतं. सांगलीत आम्ही शाळा आधी ठरवली होती आणि मग रिक्षावाले काका शोधले होते. इथे सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते. गल्ली बदलली की शाळा बदलते, आणि शहराची हद्द ओलांडली की सगळा कारभारच बदलतो. नवऱ्याला इथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं आणि 2024 च्या उन्हाळ्यात आमचं यायचं नक्की झालं, तेव्हा आधीपासून इथे असलेल्या मराठी मंडळींनी एकमुखाने सांगितलं, "शहरात राहू नका, उपनगरात घर बघा." माउंट लेबनन, अपर सेंट क्लेअर, नॉर्थ अलेगेनी, फॉक्स चॅपल ही नावं तेव्हा इतक्यांदा कानावर आली की नकाशा न बघताच पाठ झाली.

सल्ल्यामागे कारण होतं. पिट्सबर्ग ज्या अलेगेनी काउंटीत आहे, तिथे 130 छोट्यामोठ्या नगरपालिका आहेत आणि 43 स्कूल डिस्ट्रिक्ट. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. एका जिल्ह्यात शाळांचे 43 स्वतंत्र कारभार, प्रत्येकाचं निवडून आलेलं मंडळ वेगळं, वेतनश्रेणी वेगळी, आणि मुख्य म्हणजे कर वेगळा. शाळेचा मोठा खर्च त्या त्या भागातल्या घरपट्टीतून निघतो. जिथली घरं महाग, तिथल्या शाळेत पोहण्याचा तलाव. जिथली घरं पडकी, तिथे छताला गळती. फेब्रुवारी 2023 मध्ये आमच्या राज्याच्या, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या, कॉमनवेल्थ कोर्टाने ही निधीवाटपाची पद्धत राज्यघटनेविरुद्ध असल्याचा निकाल दिला. निकाल वाचून मला बरं वाटलं. पण घर शोधणाऱ्याला निकालाचा उपयोग नसतो, त्याला याच सप्टेंबरात शाळा हवी असते.

आम्ही तरीही शहरातच राहिलो. गाडी नव्हती, आणि स्क्विरल हिलमधून बस थेट ओकलंडला जाते. ओकलंड म्हणजे विद्यापीठांचा भाग. शिवाय मला शहर आवडलं. पोलादाच्या भट्ट्यांनी मोठं केलेलं आणि भट्ट्या बंद पडल्यावर ओसरलेलं हे गाव आहे. 1950 साली इथे 6,76,806 माणसं राहायची, 2020 च्या जनगणनेत 3,02,971 उरली. त्या मोठ्या गावासाठी बांधलेल्या शाळांच्या दगडी इमारती टेकड्यांवर अजून उभ्या आहेत. काहींत आता फ्लॅट झालेत, काही चालू आहेत. आमच्या वाट्याला आलेली शाळा चालत्यांपैकी होती.

नाव नोंदवायला लागणाऱ्या कागदांत पत्त्याचे पुरावे, मुलीचा जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद, एवढंच होतं. भाडेकरार आणि विजेचं बिल चाललं. निघताना सासऱ्यांनी आग्रहाने शाळा सोडल्याचा दाखला काढून आणला होता, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का, वर्तणूक 'चांगली'. तो कुणी मागितला नाही. इयत्ता वयावरून ठरली: सात पूर्ण, म्हणून दुसरी. व्हिसाची फाइलही मी काखेत धरून नेली होती, ती उघडावीच लागली नाही. नंतर कळलं की हे नोंदणी करणाऱ्या बाईंच्या चांगुलपणावर अवलंबून नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या 'प्लायलर विरुद्ध डो' या निकालापासून मुलाचा इमिग्रेशनचा दर्जा काहीही असला तरी सरकारी शाळेला त्याला प्रवेश नाकारता येत नाही. या देशात मला ज्या गोष्टींबद्दल मनापासून आदर वाटतो, त्यांत ही फार वरची.

खरी कसोटी लसींची. आमच्याकडे दोन कार्डं होती, एक महापालिकेच्या आरोग्य केंद्राचं आणि एक खाजगी बालरोगतज्ज्ञांचं. इथल्या दवाखान्यातली नर्स ती शेजारी शेजारी ठेवून एकेक तारीख संगणकात चढवत होती आणि मध्येच थबकत होती. कारण तिला 03/11 म्हणजे 11 मार्च, मला 3 नोव्हेंबर. ज्या तारखेत बारापेक्षा मोठा आकडा येई तिथे तिची सुटका, बाकी ठिकाणी मी बोट ठेवून सांगायचं. तिने शेवटी कोरा कागद घेतला, आम्ही दोघींनी मिळून सगळ्या तारखा महिन्याच्या नावासकट पुन्हा लिहून काढल्या, मग गाडी पुढे सरकली. तुम्ही येणार असाल तर हे काम विमानात बसायच्या आधीच करून, डॉक्टरांची सही-शिक्का घेऊन ठेवा.

मग पोलिओपाशी अडलं. लेकीने थेंब किती घेतले याची गणतीच नाही. पल्स पोलिओच्या प्रत्येक रविवारी आजी तिला बूथवर घेऊन जायची आणि करंगळीवरची शाईची खूण कौतुकाने सगळ्यांना दाखवायची. त्यातला एकही थेंब इथे धरला गेला नाही. एप्रिल 2016 मध्ये जगभरात तोंडावाटे द्यायच्या लसीतून पोलिओचा दुसरा प्रकार काढून टाकण्यात आला, त्यामुळे त्यानंतरचे थेंब तिन्ही प्रकारांपासून संरक्षण देतात असं अमेरिका मानत नाही. लेक 2017 ची. खाजगी डॉक्टरांनी दिलेली इंजेक्शनं तेवढी मोजली गेली, आणि चौथा वाढदिवस झाल्यावरचा एक डोस राहिला होता तो इथे टोचला. गोवरचंही तसंच, नवव्या महिन्यातला डोस पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा म्हणून बाद, पण पुढचे दोन होते म्हणून निभावलं.

टोचून झाल्यावर नर्स म्हणाली, "ही लस इथलीच आहे, ठाऊक आहे ना?" मला अर्धवट ठाऊक होतं. डॉ. जोनास सॉल्क यांनी पोलिओची इंजेक्शनची लस पिट्सबर्ग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तयार केली. फेब्रुवारी 1954 मध्ये लॉरेन्सव्हिलच्या आर्सेनल प्राथमिक शाळेत मुलांना रांगेत उभं करून ती टोचली, आणि 12 एप्रिल 1955 ला ती सुरक्षित व परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. म्हणजे याच गावातल्या शाळेतल्या मुलांनी आधी दंड पुढे केले, त्यांच्या आईवडिलांनी विश्वासाने संमतीच्या कागदांवर सह्या केल्या. विद्यापीठाच्या नावावर असलेल्या या मोठ्या कामात प्राथमिक शाळेतल्या मुलांचा वाटा होता. हे मला त्या दवाखान्यात पहिल्यांदा जाणवलं आणि पुढे या शहरात ते वारंवार दिसत राहिलं.

नोंदणीच्या अर्जात घरच्या भाषेबद्दल प्रश्न असतात: मूल आधी कोणती भाषा शिकलं, घरी कोणती बोलतं. एका मैत्रिणीने बजावलं होतं, "इंग्लिशच लिही, नाहीतर परीक्षा घेतात आणि वेगळ्या वर्गात बसवतात." आम्ही मराठी लिहिलं. परीक्षा झाली. कानाला हेडफोन लावून संगणकावर ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, प्रत्येकाची पातळी एक ते सहा. वाचणं-लिहिणं तिला चांगलं जमलं, कारण सांगलीतली शाळा इंग्रजी माध्यमाचीच होती. बोलण्यात मात्र ती पार मागे पडली. यंत्राशी बोलायचं म्हटल्यावर तिने तोंडच उघडलं नाही.

मग आठवड्यातले काही तास ती इंग्रजीच्या वेगळ्या शिक्षिकेकडे जाऊ लागली, आणि मैत्रिणीला भीती वाटत होती तसं कमीपणाचं त्यात काही नव्हतं. चार-पाच मुलांचा गट, टेबल अर्धगोल, भिंतीवर जगाचा नकाशा आणि त्यावर दोऱ्यांनी जोडलेली मुलांची नावं. एक मुलगी भूतानमधून हाकललेल्या नेपाळीभाषक कुटुंबातली. अशी बरीच कुटुंबं नेपाळच्या निर्वासित छावण्यांतून पिट्सबर्गमध्ये येऊन वसली आहेत. एकदा त्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर आपलं नाव घरच्या लिपीत, म्हणजे देवनागरीत, लिहिलं आणि माझ्या लेकीने ते खाडकन वाचून दाखवलं. त्या दिवसापासून दोघींची वही एक झाली. शिक्षिकेने ते पान माझ्यासाठी झेरॉक्स करून दिलं. जानेवारी-फेब्रुवारीत राज्यभर या मुलांची पुन्हा परीक्षा होते, त्यात तिचं बोलणं दोन पातळ्या वर गेलं. अर्जात मराठी लिहिल्याने तिला जे मिळालं ते 'इंग्लिश' लिहून मिळालं नसतं, हे मी आता प्रत्येक नव्या कुटुंबाला सांगते.

वर्गात सुरुवातीला दुसरीच अडचण आली. बाईंनी नाव घेतलं की लेक ताडकन उभी राहायची, हात मागे बांधून उत्तर द्यायची आणि 'बसा' म्हणेपर्यंत उभीच. मुलं बघत राहायची. बाईंनी मला विचारलं, तिला कशाची भीती वाटते का? मी सांगितलं, आमच्याकडे हा आदर आहे, शिस्त आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग राहू दे उभी. मी तिला बसायला सांगेन." आणि खरंच, पहिले काही महिने त्या प्रत्येक वेळी न विसरता सांगत राहिल्या. पुढे तिचं तिनेच सोडलं.

जेवणाची चिंता लवकर मिटली. पिट्सबर्गच्या सरकारी शाळांत सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण सगळ्याच मुलांना मोफत आहे, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. गोमांस चालत नाही हे एकदा लिहून दिलं. बहुतेक दिवस मी पोळीभाजीचा डबाच देते, पण शुक्रवारी पिझ्झा असतो म्हणून शुक्रवारी डबा नको असतो. हिवाळ्यात पहाटे फोन वाजतो: बर्फामुळे शाळा दोन तास उशिरा. पहिल्या वेळी काळजी वाटली, आता फोन ठेवून परत झोपतो. चौकात पिवळंधमक जाकीट घालून उभ्या असलेल्या क्रॉसिंग गार्ड आजींना लेक रोज हात करते. त्यांना तिच्या आधीच्या दोन पिढ्यांतली मुलंही नावानिशी आठवतात.

मला वर्गात जाऊन मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या होत्या. त्यासाठी पेनसिल्व्हेनियात तीन दाखले लागतात: राज्य पोलिसांकडचा, बालछळाच्या नोंदींबाबतचा आणि एफबीआयकडचा, त्यासाठी बोटांचे ठसे. जे दहा वर्षं सलग राज्यात राहिलेत त्यांना ठशांऐवजी प्रतिज्ञापत्र चालतं, नव्या माणसाला नाही. सगळं झालं, मी वाचायला जाऊ लागले, आणि शाळेचं ग्रंथालय किती दिवस बंद असतं हे तेव्हा दिसलं. ग्रंथपाल दोन शाळांत विभागून काम करत होत्या. तेव्हापासून आम्ही शनिवारी फोर्ब्ज आणि मरे या रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या कार्नेगी ग्रंथालयात जातो. पोलाद कारखानदार अँड्र्यू कार्नेगीने गावाला दिलेलं मुख्य ग्रंथालय ओकलंडला आहे, 1895 चं, आणि दारावर कोरलंय की हे लोकांना मोफत आहे. नाटककार ऑगस्ट विल्सन इथलेच. किशोरवयात त्यांनी हायस्कूल सोडलं आणि याच ग्रंथालयात बसून वाचलं. पुढे पुलित्झर पारितोषिक दोनदा मिळवलं. ग्रंथालयाने त्यांना हायस्कूलची मानद पदविका दिली. शाळेने जे दिलं नाही ते एखाद्या गावाने असं भरून काढावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

ओकलंडला गेलं की 42 मजल्यांचा दगडी मनोरा चुकवताच येत नाही, तो पिट्सबर्ग विद्यापीठाचा 'कथीड्रल ऑफ लर्निंग'. विद्यापीठ 1787 मधलं, तेव्हाची पिट्सबर्ग अकादमी. मनोऱ्याचं काम 1926 मध्ये सुरू झालं. पैसे कमी पडत होते तेव्हा शहरातल्या शाळांत मोहीम निघाली, प्रत्येक मुलाने एक डाइम, म्हणजे दहा सेंट, द्यायचा आणि विद्यापीठासाठी एक वीट घ्यायची. सुमारे 97,000 मुलांनी तो दिला. कित्येकांचे वडील भट्टीत किंवा खाणीत. आत वेगवेगळ्या देशांच्या धाटणीचे वर्ग आहेत आणि त्यांत खरोखर तासही होतात. भारताचा वर्ग नालंदाच्या धर्तीवर, विटांच्या खांबांचा. लेक तिथल्या बाकावर बसून बराच वेळ उठेना.

मला तिथे आजोबा आठवले. ते शिकले रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात, आणि त्या संस्थेसाठी कर्मवीरांनी घरोघरून मूठ मूठ धान्य गोळा केलं होतं. पणजी दळायला बसताना एक मूठ बाजूला काढायची, हे आमच्या घरात आजही सांगतात. तिच्या मुठीतून आजोबा शिकले. म्हणून त्या दहा सेंटांचा हिशोब मला परका वाटत नाही, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न पडतो: ज्यांनी वीट दिली त्यांच्या नातवंडांचं काय?

मनोऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर कार्नेगी मेलन. 1900 मध्ये कार्नेगीने ती तंत्रशाळा काढली ती पिट्सबर्गच्या कामगारांच्या मुलामुलींसाठी. आज ते जगभरातून मुलं येणारं खाजगी विद्यापीठ आहे आणि फी अशी की इथल्या कामगाराने तिचा विचारही करू नये. ड्युकेन, चॅटहॅम, कार्लो, पॉइंट पार्क ही आणखी विद्यापीठं शहरातच, शिवाय 1966 पासूनचं कम्युनिटी कॉलेज, तिथे काउंटीतल्या रहिवाशांना फी बरीच कमी. गावाच्या मानाने ही श्रीमंती मोठी. पण ना-नफा संस्था म्हणून विद्यापीठांच्या शैक्षणिक इमारतींना आणि मोठ्या रुग्णालयांना मालमत्ता कर लागत नाही, आणि शाळा चालतात त्याच करावर. जमीन शहराची, मोक्याची, आणि शाळेच्या तिजोरीत तिचं काही येत नाही.

एक चांगली गोष्ट झाली होती. 'पिट्सबर्ग प्रॉमिस' ही शिष्यवृत्ती 2006 मध्ये जाहीर झाली आणि 2008 च्या बॅचपासून मिळू लागली. शहरात राहून सरकारी शाळेत नववीपासून शिकलेल्या, 90 टक्के हजेरी आणि ठरावीक गुण असलेल्या प्रत्येक मुलाला राज्यातल्या कॉलेजसाठी पैसे, आईवडिलांचं उत्पन्न न बघता. इथल्या मोठ्या रुग्णालय संस्थेने त्यासाठी 10 कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं होतं. बसमध्ये भेटलेल्या एका नर्सिंगच्या मुलीने मला सांगितलं, तिच्या घरात कॉलेजला जाणारी ती पहिली, आणि ते या पैशामुळे. पण ही शिष्यवृत्ती 2028 च्या बॅचपर्यंतच आहे. माझी लेक बारावी होईल 2035 ला.

लेकीच्या सहावीचा विचार आत्तापासून सुरू झालाय. इथे काही खास शाळा आहेत, तिथे पत्त्यावर नव्हे तर अर्ज करून जाता येतं: कलेसाठी शहराच्या मध्यभागी कॅपा, तिथे ऑडिशन, ओकलंडमध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाची साय-टेक, ईस्ट लिबर्टीत ओबामांच्या नावाची, आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची. अर्ज जास्त आले की सोडत निघते. आपल्याकडच्या आरटीईच्या सोडतीसारखीच धाकधूक, मोबाइलवर निकालाची वाट बघणं. आम्ही बहुधा भरणार नाही. आमच्या भागाचं हायस्कूल ऑल्डरडाइस आहे, त्यात डॉक्टरची मुलंही आहेत आणि बसड्रायव्हरचीही, आणि मला लेक अशाच शाळेत वाढायला हवी आहे. मैत्रिणी अजूनही विचारतात, उपनगरात कधी जाताय.

जाणार नाही. पालकसभेत मी हा विषय काढला: 2028 नंतर काय, आणि विद्यापीठांनी शाळांसाठी दरवर्षी ठरवून काही का देऊ नये. सुरुवातीला वाटलं, आपण कालचे आलेले, आपलं कोण ऐकणार. पण शेजारी बसलेल्या आजींनी पर्समधून पिवळा पडलेला कागद काढला, त्यांच्या आईला शाळकरी वयात दहा सेंटांबद्दल मिळालेली विद्यापीठाची पावती. त्याची प्रत काढून आम्ही पत्राला जोडली आहे. पत्रावर सह्या घ्यायचं काम शाळेच्या दारात चालू आहे, सकाळी आठच्या आधी.